रविवारचं डोकं

१

मास्तर मेले तेव्हा माझ्या चित्रातली सतरा माणसं अजून बिनडोक्याची होती.

मी तीस वर्षं बायकांच्या तुरुंगात नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं अधीक्षक म्हणून. निवृत्त झाल्यावर सून म्हणाली, "आई, घरातल्यांची हजेरी घेणं पुरे, आता काहीतरी शिका." तिचंही खरंच होतं. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे मास्तरांच्या माडीवर मी तैलरंग शिकायला जायला लागले. तिथे मला सगळे जेलरबाई म्हणत, आणि माझी चित्रं पाहून कैदी माझ्या हातून सुटले ते बरं झालं, असंही म्हणत.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत एकच होती. माडीच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं, एका खानावळीचं. लांबलचक टेबलं, वर एकच दिवा, ताटांतून निघणारी वाफ आणि दाटीवाटीने बसून जेवणारी एकतीस माणसं. कुणी घास तोंडात कोंबतंय, कुणी भरल्या तोंडाने बोलतंय, एक म्हातारा हाड चघळतोय. त्या चित्रावर मास्तरांना तरुणपणी मोठं बक्षीस मिळालं होतं. त्यावर त्यांना नोकरी मिळाली, नाव मिळालं. प्रत्येक शिकाऊ माणसाने या चित्राची नक्कल करायची. चौकटी आखून आधी भिंती, मग टेबलं, मग धडं आणि सगळ्यांत शेवटी डोकी. दोन वर्षं लागली तरी चालतील.

रविवारी वर्ग नसायचा. त्या दिवशी मास्तर एकटे वर बसायचे आणि आमच्या प्रत्येकाच्या नकलेतलं एकेक डोकं सुधारून ठेवायचे. सोमवारी येऊन ते बघायचं आणि बाकीची डोकी तशी करायची. आम्ही तिघं होतो, म्हणजे दर रविवारी तीन डोकी. बरोबर अकराला बसायचे आणि एका डोक्याला एक तास घ्यायचे. मात्र आम्ही बिघडवलेलंच डोकं ते सुधारायचे. "आधी तुम्ही बिघडवा," म्हणायचे. "कोऱ्या जागेला मी हात लावणार नाही." या नियमात त्यांनी कधी सूट दिली नाही. मी एकदा सगळी सतरा डोकी कोरी दाखवून गयावया केली होती, तर त्यांनी मला चहाचे कप विसळायला पाठवलं.

त्या रविवारी संध्याकाळी सातला आक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. बहात्तर वर्षांच्या. भावाचं घर त्याच सांभाळत. चप्पल न घालता आल्या होत्या.

"जेलरबाई, जरा येता का?" त्या म्हणाल्या. "तो मागच्या अंगणात पडलाय. उठत नाही."

माडीच्या मोठ्या खिडकीचा कठडा गुडघ्याएवढाच होता. खाली धुण्याचा दगड. मास्तर त्याच्यावर पालथे पडले होते आणि केव्हाच गार झाले होते. त्यांनी कामाचा पांढरा डगला घातला होता. डगल्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, चार बोटांचा लालभडक फराटा होता.

पाठीवर स्वतःच्या हाताने फराटा कुणाला ओढता येत नाही.

२

इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा निघाला. नव्याने लागला तेव्हा कैदी पोचवायला माझ्याकडे यायचा. मला पाहून त्याला हायसं वाटलं, आणि मला पाहून कुणाला हायसं वाटलं की मी फुशारते, हा माझा जुना दोष.

आम्ही वर गेलो. भिंतीवरच्या मूळ चित्रावर चादर ओढलेली होती. काम नसलं की ती तशीच असायची. आमची तीन चित्रं आपापल्या लाकडी घोड्यांवर टेकवलेली होती. तिन्हींत एकेक ताजं डोकं चकाकत होतं. मी दारातूनच पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तीन डोकी म्हणजे तीन तास," मी म्हणाले. "अकराला बसले. म्हणजे दोन वाजेपर्यंत मास्तर नक्की जिवंत होते."

"नक्की?"

"घड्याळ चुकेल, मास्तर चुकणार नाहीत."

पोलिसांच्या डॉक्टरांनी मृत्यू बारा ते चारच्या मधला सांगितला होता. माझ्या हिशेबाने तो दोन ते चारवर आला, आणि बाकीचं आपोआप घडत गेलं. आक्का दीड वाजता घरातून निघाल्या होत्या. दर रविवारी त्या अंथरुणाला खिळलेल्या मावसबहिणीकडे जातात, तशा. समोरच्या शिंप्याने त्यांना दार ओढून घेताना पाहिलं, दोनला त्या तिकडे पोचल्या आणि साडेसहापर्यंत तिथेच होत्या. आमच्यातले दातांचे डॉक्टर दिवसभर एका शाळेत मुलांचे दात तपासत होते. मी नातवाच्या बारशापासूनचे कपडे आवरत सुनेच्या नजरेसमोर होते. उरला तिसरा, पाटीवाला.

पाटीवाला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तिशीचा पोरगा, लाजाळू, आपल्याला माणसं काढता यावीत एवढीच त्याची हौस. शनिवारी सगळ्यांसमोर मास्तर त्याला म्हणाले होते, "तुझी माणसं अक्षरांसारखी उभी राहतात. तुझा हात पाट्यांचाच. सोडून दे." पोरगा कधी नव्हे तो उलट बोलला होता आणि दार आपटून गेला होता. रविवारी सकाळी अकरापासून बाहेरचं कुणी त्या घरात शिरलं नव्हतं, आणि अडीच वाजता शिंप्याने त्याला जिना चढताना पाहिलं. त्यानंतर पाचच मिनिटांत तो घाईने उतरला.

"माफी मागायला गेलो होतो," तो इन्स्पेक्टरला म्हणाला. "दार वाजवलं. आतून आवाज आला नाही. वाटलं, मास्तर अजून रागात आहेत. मग परत फिरलो."

त्याच्या नखांत लाल रंग होता. कुठल्याशा औषधाच्या दुकानाची पाटी चालली होती. रंगाची तपासणी होऊन यायला पंधरा दिवस लागणार होते, तोवर त्याला आत टाकलं.

मंगळवारी त्याची बायको माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

"तुम्ही तुरुंगात होतात ना, बाई," ती म्हणाली. "खरं सांगा. आत मारतात का?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं.

"तो मारणाऱ्यातला नाही. घरात झुरळ निघालं तर मला हाक मारतो." तिने पदर खांद्यावर ओढला. "साहेब म्हणाले, तुम्ही वेळ सांगितलीत म्हणून धरलं. तुम्हाला पक्कं ठाऊक आहे ना, बाई? तुम्ही पाहिलंत ना सगळं नीट?"

माझ्या नोकरीच्या काळात एक कैदी होती, स्वयंपाकीण. मालकाला विष घातल्याचा आळ होता. मी घातलं नाही, असं ती रोज सकाळी हजेरीला सांगायची आणि मी रोज पुढचं नाव घ्यायचे. तापाने मेली. आठ दिवसांनी खरा माणूस सापडला. तिची चप्पल तिच्या मुलाला परत दिली, त्या कागदावर माझी सही आहे. त्या मुलाने मला काही विचारलं नव्हतं. या बाईने विचारलं.

नाही, मी नीट पाहिलं नव्हतं. दारातून पाहिलं होतं.

३

गुरुवारी इन्स्पेक्टरला सांगून मी माडीची किल्ली मिळवली. आपापली चित्रं घरी नेतो, असं कारण दिलं. दातांच्या डॉक्टरांना बरोबर घेतलं. ते बारीक चणीचे आणि चिडके, पण नजर पक्की. शिवाय मला त्यांनाही जरा चाचपायचं होतं.

"तुमचं मास्तरांशी कसं होतं?" जिना चढताना मी विचारलं.

"मला धरायचंय का आता?" ते म्हणाले. "वाईट होतं. माझी डोकी एक्स-रेसारखी दिसतात म्हणाले होते. ते खरंच आहे. पण म्हणून मी कुणाला खिडकीतून ढकलत नाही. माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसतात लोक, मला ढकलायचंच असतं तर सोय घरीच आहे."

आत गेलो. टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. मी थेट माझ्या चित्रासमोर गेले आणि चार दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे चष्मा लावून जवळून पाहिलं.

सगळी डोकी मोजली. मी मास्तरांच्या स्टुलावर बसले.

"काय झालं?"

"डॉक्टर, माझी चौदा डोकी काढून झाली होती. चौदाही मी बिघडवलेली, काही मास्तरांनी आधीच्या रविवारी सुधारलेली. या रविवारी यातल्या एकालाही हात लागलेला नाही. हे नवं डोकं कोऱ्या जागेवर आहे. बिनडोक्याच्या सतरांपैकी एकावर."

डॉक्टर वाकले. "हाड चघळणारा म्हातारा."

"मास्तर कोऱ्या जागेला हात लावायचे?"

"मेले असते तरी लावला नसता," डॉक्टर बोलून गेले आणि चपापले.

मग त्यांनी खिशातून ती छोटी विजेरी काढली, दात बघायची. माझा म्हातारा बघितला. स्वतःच्या चित्रातलं रविवारचं डोकं बघितलं. पाटीवाल्याचं बघितलं. पुन्हा माझ्याकडे आले. विजेरीने तळहातावर दोनदा टकटक केलं.

"एक सांगू?" शेवटी म्हणाले. "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणून गप्प होतो. मास्तरांना जबडा येत नव्हता."

"म्हणजे?"

"गेल्या दोन वर्षांत आपल्या चित्रांत त्यांनी मिळून किती डोकी सुधारली असतील? तीस-चाळीस. सगळ्यांची तोंडं मिटलेली आहेत. मूळ चित्रात माणसं चावतायत, गिळतायत, बोलतायत. मास्तर सुधारायला बसले की सगळे गप्प. मला वाटायचं वयाने हात थकला. माझ्या चित्रातलं हे बघा, रविवारचं. तोंड मिटलेलं. पाटीवाल्याचं, मिटलेलं. आणि तुमचा म्हातारा..." त्यांनी विजेरी धरली. "याचे मागचे दात नाहीत. पुढच्या दातांनी हाड ओढतोय, म्हणून खालचा जबडा डावीकडे सरकलाय आणि कानापुढे हा खळगा पडलाय. कवळीचं माप घेईन मी यावरून. हे मास्तरांनी काढलेलं नाही."

"मग कुणी?"

डॉक्टर भिंतीकडे वळले. चादरीचं टोक धरून त्यांनी ती ओढली. एकतीस माणसं समोर आली, सगळी जेवत होती.

"ज्याने हे काढलं, त्याने," ते म्हणाले.

४

घरी आले, पण ताट तसंच राहिलं. सून दोनदा विचारून गेली.

मनाशी एकेक गोष्ट मांडत होते. मास्तरांनी त्या दिवशी दोनच डोकी काढली. दोन डोकी म्हणजे दोन तास, म्हणजे एक वाजेपर्यंत. तिसरं डोकं दुसऱ्याने काढलं, मास्तर गेल्यावर. हे माणूस आमच्या वर्गातलं नाही, कारण वर्गातला कुणीही कोऱ्या जागेवर डोकं काढून त्याला मास्तरांचं म्हणून खपवणार नाही. आम्हाला तो नियम झोपेत विचारला तरी सांगता येतो. आणि ते माणूस मास्तरांपेक्षा चांगलं रंगवतं. इतकं चांगलं, की भिंतीवरचं चित्र त्याचंच असावं.

एवढं जुळलं, पण लाल फराटा कशात बसेना. डोक्यांत तपकिरी असतो, गेरू असतो. तसा भडक लाल कुणाच्याच चित्रात नव्हता.

शुक्रवारी सकाळी माझी नक्कल बगलेत मारून पुन्हा माडीवर गेले, एकटीच. चित्रकार म्हणून मी दगड आहे, ते मला मान्य आहे. पण एक गोष्ट मला येते. कोठडीत जे जे असेल ते वहीत उतरवणं. मी नक्कलही तशीच केली होती, चौकटीमागून चौकट, भिंतीवरचा ओघळ, टेबलाला पडलेली चीर, माशीने केलेला ठिपका सुद्धा. मास्तर हसायचे. मूळ चित्राशेजारी माझं चित्र टेकवलं आणि पहिल्या चौकटीपासून झडती घ्यायला लागले.

शेवटच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात सापडलं. माझ्या चित्रात तिथे स्टुलाचा पाय आणि जमीन, एवढंच आहे. ती चौकट मी शनिवारीच मूळ चित्राशी पुन्हा ताडून पाहिली होती. मूळ चित्रात त्याच जागी, स्टुलाच्या पायाखाली, लाल रंगात मास्तरांची सही होती. शेवटचं अक्षर फिसकटलेलं, कुणीतरी तळहाताने पुसायला गेल्यासारखं.

बोट लावलं. बोटाला लाल लागलं. हा लाल वाळायला आठवडा खातो.

मास्तरांनी हे चित्र चाळीस वर्षं बिनसहीचं ठेवलं होतं. आम्हाला ते कधी खटकलं नाही, कारण सही कुठे असते ते आम्ही शोधलंच नव्हतं. मग रविवारी ते आपलं नाव घालायला बसले. ते नाव कुणाला तरी सहन झालं नाही. त्याने ओल्या सहीवर हात फिरवला आणि तोच हात मास्तरांच्या पाठीवर पडला.

बक्षीस मिळालेल्या माणसाने आपल्याच चित्रावर सही केली तर राग कुणाला येईल? एकालाच. आणि शिंप्याने सांगितलंच होतं की अकरा ते दीड त्या घरात बाहेरचं कुणी शिरलं नाही.

जिना उतरून मी स्वयंपाकघरात गेले. आक्का भांडी पुसत होत्या. भाऊ जाऊन पाच दिवस झाले होते, तरी दोन माणसांचीच भांडी काढून पुसत होत्या.

तुरुंगात मी एक शिकले होते. तू केलंस का, असं कधी विचारायचं नाही.

"आक्का," मी म्हणाले, "माझ्या म्हाताऱ्याला किती वेळ लागला?"

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

"वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "कान राहिला."

५

"चित्रातली खानावळ आमचीच होती," आक्का सांगत होत्या. आम्ही दोघी पाटांवर बसलो होतो. "आई रांधायची, मी वाढायचे. दहा वर्षं वाढलं. जेवणारा माणूस मी तोंडावरून ओळखते. कुणाला आणखी हवंय, कुणाचा दात दुखतोय, कोण घरचं भांडण गिळतोय. तो तेव्हा चित्रशाळेत होता. त्याचे उरलेले रंग मी घ्यायचे. दोन हिवाळे लागले मला. माडीवर, सगळे जेवून गेल्यावर."

"आणि प्रदर्शनात?"

"वाढपिणीचं चित्र कोण घेणार? तोच म्हणाला, माझ्या नावाने पाठवू, निवडलं गेलं की खरं सांगू. बक्षीस मिळालं. मग नोकरी मिळाली. मग म्हणाला, आता सांगितलं तर नोकरी जाईल, घर कशावर चालणार? तेही खरंच होतं. फक्त सही केली नाही त्याने. तेवढी लाज ठेवली. मी म्हटलं, ठीक आहे. नाव कुणाचंच नाही ना, मग चालेल."

"मग आता काय झालं?"

"सरकारी संग्रहालयाने चित्र मागितलं होतं. मंगळवारी न्यायला येणार होते. ते म्हणाले, सही नाही असं कसं? रविवारी एक वाजता मी त्याला जेवायला बोलवायला वर गेले, तर तो गुडघ्यांवर बसून सही करत होता. मी हात फिरवला तिच्यावर. तो हसला, जेलरबाई. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आक्का, या वयात तुला कुणी विचारणार आहे का? आणि उठून खिडकीशी जाऊन ब्रश झटकायला लागला. माझ्याकडे पाठ करून."

त्यांनी आपला उजवा तळहात उघडून पाहिला. तो स्वच्छ होता.

"ढकलायचं होतं की नाही, ते मला विचारू नका. ढकललं, एवढं खरं."

"मग चित्राला का बसलात? वेळ फिरवायला?"

"मला कसली वेळ फिरवता येते? खाली बघितलं. हलत नव्हता. खिडकीपासून मागे आले. तिसरा घोडा मांडलेला होता, रंग काढलेले होते, ओले. तुमच्या चित्रात तो म्हातारा धड घेऊन बसला होता, डोक्याविना. तो रोज बाराला यायचा हो आमच्याकडे. चाळीस वर्षांत ब्रश धरला नव्हता मी. बसले. वीस मिनिटं मला काहीही आठवलं नाही, भाऊ सुद्धा. मग घड्याळ बघितलं, चादर ओढली, हात धुतले आणि बहिणीकडे गेले. रविवार होता म्हणून गेले. बाकीचं गणित तुम्ही मांडलंत. मी ते खोडलं नाही, एवढंच."

हे शेवटचं ऐकून माझा पारा चढला. तोवर मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं. अजूनही वाटत होतं, पण राग त्याच्यावर चढून बसला.

"आक्का, त्या पोराला आत टाकून पाच दिवस झाले. त्याची बायको माझ्या दारात येऊन विचारून गेली, आत मारतात का. तुम्ही इथे भांडी पुसत होतात. तुमच्या भावाने तुमचं चित्र घेतलं आणि गप्प बसला. तुम्ही त्या पोराचं आयुष्य घेऊन गप्प बसलात. यात फरक काय, ते मला सांगा."

आक्का पाटाची कड बोटाने पुसत राहिल्या.

"गप्प बसायची सवय लागते," त्या म्हणाल्या.

"ती मोडा."

६

पण मोडणं तितकं सोपं नव्हतं. इन्स्पेक्टर मला म्हणाला, "जेलरबाई, बहात्तर वर्षांच्या बाईने धट्ट्याकट्ट्या भावाला ढकललं आणि मग बसून चित्र काढलं? तेही म्हाताऱ्याचं? मला वर काय सांगायला लावताय?" सही त्याने येऊन पाहिली, मान हलवली. सहीवर पाटीवाल्याचाही हात पडला असेल, म्हणाला. माझ्याजवळ बोललेलं कोर्टात फारसं टिकत नाही, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. जे बोलायचं ते आक्कांनीच मॅजिस्ट्रेटसमोर बोलायला हवं होतं, आणि माझ्या हट्टापायी त्याने सोमवारची वेळ तेवढी घेऊन दिली.

त्यातच मावसबहिणीचा वकील मुलगा धावत आला. त्याने आक्कांना समोर बसवून समजावलं. मी तिथेच होते, त्याला त्याची पर्वा नव्हती.

"मावशी, तुझ्याविरुद्ध एकच गोष्ट आहे, ते डोकं. त्यावर उभारलंय सगळं. मॅजिस्ट्रेट विचारतील तेव्हा तू एवढंच म्हण, मला ब्रश धरता येत नाही. तुला चित्र काढताना जगात कुणी पाहिलंय? जे होते ते सगळे मेले. एक वाक्य म्हण आणि घरी चल."

"मग त्या पोराचं काय?"

"त्याचं त्याचा वकील बघेल."

आक्कांनी मान डोलावली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, मला कळलं नाही, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

सोमवारी मॅजिस्ट्रेटच्या खोलीत आम्ही सगळे दाटीने बसलो होतो. पाटीवाल्याला आणलं होतं. आठ दिवसांत त्याचे गाल आत गेले होते आणि तो कुणाकडे बघत नव्हता. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. दातांचे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते, जबड्याबद्दल साक्ष द्यायला. माझं चित्र टेबलावर उभं केलं होतं. चौदा बिघडलेली डोकी, सोळा धडं आणि तो म्हातारा. मला जरा लाजही वाटली.

मॅजिस्ट्रेट समजूतदार होत्या. त्यांनी आक्कांना बसायला सांगितलं. तुमच्यावर बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं, हे दोनदा सांगितलं.

"हे डोकं तुम्ही काढलंय का?"

वकील भाचा आक्कांकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, त्यांच्या वतीने तेच वाक्य म्हणत असल्यासारखे.

आक्कांनी पाटीवाल्याकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. कोणासाठी बोलल्या, त्याच्यासाठी की आपल्यासाठी, हे मी तेव्हापासून पुष्कळदा स्वतःला विचारलंय. दोन्हीसाठी वाक्य एकच होतं, हे त्यांचं नशीब.

"हो," त्या म्हणाल्या. "मी काढलं. भावाला ढकललं, मग काढलं. त्या मुलाचा यात काही संबंध नाही, तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. आणि माडीवरचं मोठं चित्रही मीच काढलंय."

भाच्याने कपाळाला हात लावला. पाटीवाल्याच्या बायकोच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिने पदर तोंडात धरला. मॅजिस्ट्रेटनी कारकुनाला खूण केली. तो वाकून लिहीत राहिला. पेनाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, सपाट आवाजात. तारीख, वय, पत्ता, ढकलल्याचा मजकूर, मुलगा निर्दोष असल्याचा मजकूर.

"'तसेच माडीवरील खानावळीचे चित्र जबाब देणारीने स्वतः काढलेले आहे,'" त्याने शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद सहीसाठी आक्कांपुढे सरकवला. "बरोबर आहे?"

आक्कांनी पेन घेतलं नाही.

"काही चुकलंय का?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही," आक्का म्हणाल्या. "शेवटचं परत एकदा वाचा."

कारकुनाने मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी जरा सावकाश.